टेस्टर

पुण्याहून फोनवर तो म्हणतो,
चालू सर्व्हरवर चाचणी घेऊ नका मॅडम,
असं कुणी करतं का.
त्याच्याकडे चाचणीचा सर्व्हर वेगळा आहे.
तिथे लाइट जात नाही.
तिथे तीनच शेतकरी आहेत, अ, ब आणि क,
तिघांनाही स्वतःचा मोबाइल,
तिघांचाही कापूस बरोबर दहा क्विंटल भरतो.

आमचा सर्व्हर एकच.
समुद्रपूरच्या यार्डात, कॅशियरच्या टेबलाखाली,
दोन विटांवर, कारण फरशीला ओल येते.
त्याच्या जाळीवर रुई बसते,
दर शनिवारी मी ती दाढीच्या ब्रशनं झाडते.
आत साडेसहा हजार माणसं आहेत.
अख्ख्या पारडीचा मिळून एक नंबर,
तो पोलीस पाटलाच्या पोराचा.
बाबाराव कुबडे तीन आहेत
की एकच तीनदा, कुणाला ठाऊक नाही.

चूक होते ती इथेच.
ट्रॅक्टर काट्यावरून पुरता उतरायच्या आत
मागची बैलगाडी चढते
आणि एकाचा कापूस दुसऱ्याच्या नावे पडतो.
शंभरातून एकदा.
गर्दीच्याच दिवशी.
पुण्यात कधीच नाही.

म्हणून सोमवारी, अकरा वीसला,
लिलाव रंगात असताना
मी एक माणूस तयार केला.
नाव चाचणी. वडिलांचं नाव चाचणी. गाव नाही.
एक क्विंटल, भाव एक रुपया.
एंटर.

बाहेरच्या लाल फलकावर एक रुपया लागला.
आधी कुणीतरी हसलं.
मग बोली थांबली,
आणि गाड्यांच्या रांगेतून, फाटकापासून पार रस्त्यापर्यंत,
एकेक मोबाइल वाजत गेला:
आजचा कापसाचा भाव, रुपये एक फक्त.
एकानं सोडलेले बैल परत जुंपले.

चार मिनिटांत मी तो माणूस पुसला.
पण फलकावरून उतरलेला आकडा
तोंडातून उतरायला बाजार उठावा लागला.
सचिव काय बोलले ते इथे लिहीत नाही.

भोयर वायरमन तेव्हा आमच्याच खोलीत होता,
पंख्याचं बटन उघडून बसलेला.
सगळे गेल्यावर म्हणाला,
"चालू लायनीतच पाहा लागते मॅडम.
मेल्या तारेत टेस्टर घालून काय दिसन?"
मग टेस्टर माझ्या हातात दिला.
"पण याच्या पोटात काय हाये, माहीत हाये काय तुमाले?
बारकुशी कांडी हाये. लायनीले अडवते.
दिवा पेटन इतकीच येऊ देते.
थे काढून टाका, अन् मंग लावा मागं बोट."

मी टोक आत घातलं, मागं बोट ठेवलं.
तुरीच्या दाण्याएवढा नारिंगी उजेड.
वर पंखा फिरतच होता,
त्याला कळलंही नाही कुणी विचारून गेलं ते.
करंट माझ्यातून जमिनीत उतरला असणार.
मलाही कळलं नाही.

तीन रात्री मी ती कांडी लिहीत होते.
चाचणीला फलक दिसणार नाही, फलकाला चाचणी.
त्याचं वजन होईल, बेरीज होणार नाही.
आणि मेसेज जाईल एकाच नंबरला,
माझ्या.
बोट कुणाचं तरी लागतंच मागं.

पुण्याला हे सांगितलेलं नाही.
तो म्हणेल तेही खरंच आहे:
कांडीसुद्धा मीच लिहिलेली,
आणि तिला तपासायला दुसरी लाइन नाही.

शुक्रवारी, गर्दी फाटकाबाहेर गेल्यावर,
मी त्याला पुन्हा उभा केला. हात गार पडले होते.
फलकाकडे पाहिलं. सात हजार एकशे वीस.
तीस.
कुणी मान वर केली नाही.

मग टेबलावर माझा मोबाइल थरथरला.
श्री. चाचणी, आपला एक क्विंटल कापूस
बाबाराव कुबडे यांच्या नावे जमा झाला आहे.

तिघांतले कोणते,
ते शोधायचं राहिलंय.